बोलण्याचा धनी, करणीचा चाकर

प्रश्न : नाशिकची पांडवलेणी पाहताना १० क्रमांकाच्या लेण्यात मार्गदर्शकानं 'क्षत्रप नहपान' हे नाव दाखवलं आणि ही पदवी मूळची इराणची, असं सांगितलं. मग तिकडचा मूळ क्षत्रप असे तरी कसा? तो राजा की नोकर? सैन्य कोणाचं, तिजोरी कोणाची? आणि वर्तमानपत्रं हल्ली प्रादेशिक पुढाऱ्यांना 'क्षत्रप' म्हणतात, ते कितपत बरोबर? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : मार्गदर्शक बरोबर बोलला. नहपानाचा जावई उषवदात यानं त्या लेण्यात आपली दानं कोरून ठेवली आहेत आणि त्यांत सासऱ्याचा उल्लेख क्षत्रप असा केला आहे. जुन्नरच्या एका लेखात तर नहपान महाक्षत्रप आहे. पण तो गादीवर आला तेव्हा ही पदवी पाचशेहून जास्त वर्षांची झाली होती आणि ती देणारा इराणी सम्राट कधीच इतिहासजमा झाला होता. नहपान स्वतःच्या नावानं नाणी पाडी, स्वतःच्या लढाया लढे. मूळच्या क्षत्रपाचं तसं नव्हतं. त्याच्या डोक्यावरचा हात खरा होता आणि चांगला जडही होता.

पदाची व्याख्या सांगत बसण्यापेक्षा त्या पदावर आयुष्य काढलेल्या एका माणसाची हकिकत सांगतो. त्याचं नाव फार्नबाझस. आजच्या तुर्कस्तानचा वायव्य कोपरा, मार्मारा समुद्राच्या दक्षिणेचा मुलूख, हा त्याचा सुभा. ठाणं दास्किलिऑन. काळ इ.स.पू. ४१३ ते ३७३, म्हणजे अथेन्स आणि स्पार्टा एकमेकांच्या जिवावर उठले होते तो.

आधी दोन शब्द व्यवस्थेबद्दल. इराणचा सम्राट दारियस यानं साम्राज्याचे वीस सुभे पाडले आणि प्रत्येकाची खंडणी ठरवून दिली, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. त्याच्या यादीत आपल्या नायकाचा सुभा तिसरा आहे, वर्षाला ३६० टॅलंट चांदी. टॅलंट साधारण २६ किलोचा धरला तर ही चांदी नऊ टनांवर जाते. (गंमत म्हणजे याच यादीत सिंधूकाठच्या हिंदी सुभ्याचा आकडाही ३६०च आहे, पण तो सोन्याच्या कणांचा.) हा वसूल करायचा, रस्ते राखायचे, न्याय करायचा, बोलावणं आलं की फौज घेऊन हजर व्हायचं, हे क्षत्रपाचं काम. दरबार त्याचा, शिकारखाने त्याचे, घोडदळ त्याचं. सुभ्यातल्या माणसाला राजा म्हणजे तोच.

पण याच्या कचेरीत राजाचा चिटणीस बसलेला असे. पेशवाईत मामलतदाराच्या उरावर हुजुरातून नेमलेले दरकदार असत, तसा. हा चिटणीस काय करू शकतो, ते फार्नबाझसच्या शंभर वर्षं आधीच दिसलं होतं. सार्डिसचा क्षत्रप ओरोइटीस माजला. त्यानं दास्किलिऑनचा तेव्हाचा क्षत्रप मित्रोबाटीस आणि त्याचा मुलगा या दोघांना ठार केलं, दारियसच्या जासुदालाही वाटेत मारून टाकलं. ओरोइटीसच्या दिमतीला हजार इराणी शरीररक्षक होते, त्यामुळे त्याच्यावर फौज पाठवणं महागात पडलं असतं. दारियसनं बागाइउस नावाच्या सरदाराला मोहोरबंद कागदांचा गठ्ठा देऊन पाठवलं. बागाइउसनं क्षत्रपाच्या समोरच एकेक कागद काढून राजाच्या चिटणिसाकडे वाचायला दिला. पहिले कागद किरकोळ कामांचे होते, पण शरीररक्षक ते किती आदरानं ऐकतात याच्यावर त्याची नजर होती. मग एक कागद निघाला, ओरोइटीसची शरीररक्षा सोडा. हजारांनी भाले खाली टाकले. शेवटचा कागद, ओरोइटीसला मारा. त्यांनी तलवारी उपसल्या आणि जागच्या जागी मारलं. सैन्य कोणाचं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात आलं.

आता फार्नबाझस. त्याचा पूर्वज आर्टाबाझस हा ग्रीसमध्ये प्लातैयाला झालेल्या इराणी पराभवानंतर इ.स.पू. ४७९ मध्ये उरलीसुरली फौज शाबूत परत घेऊन आलेला सेनापती. सम्राट झर्क्सिसनं त्याला दास्किलिऑन दिलं आणि तेव्हापासून सुभेदारी त्याच घराण्यात बापाकडून मुलाकडे जात राहिली. कागदोपत्री नेमणूक, व्यवहारात वतन. फार्नबाझसच्या हाती ती आली तेव्हा घराणं तिथं साठेक वर्षं मुरलेलं होतं. त्यामुळे त्या मातीशी, तिथल्या ग्रीक शहरांशी, डोंगरातल्या टोळ्यांशी त्याचं नातं बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याचं नव्हतं. त्याच्या बऱ्याच चांगल्या-वाईट गोष्टी यातून आल्या, असं मला वाटतं.

दास्किलिऑन आज ओळखू येतं. मन्यास सरोवराच्या काठी, एर्गिली गावाजवळच्या टेकाडावर ते उकरलं गेलं. तिथं मातीच्या छोट्या छोट्या मोहोरा चारशेच्या आसपास सापडल्या. गुंडाळलेल्या पत्राला दोरा बांधायचा, दोऱ्यावर मातीचा गोळा चिकटवायचा आणि त्याच्यावर शिक्का दाबायचा, अशी रीत होती. पत्रं जळून गेली, माती मात्र भाजून टिकली. काहींच्या पाठीवर पपायरसचे धागे उमटलेले दिसतात. काही शिक्क्यांवर खुद्द झर्क्सिसचं नाव आहे. म्हणजे राजाची पत्रं या टेकाडावर येत होती, फुटत होती, फडात लावून ठेवली जात होती. सरोवर तर आजही पक्ष्यांसाठी राखलेलं आहे. ग्रीक लेखक झेनोफननं इ.स.पू. ३९५ च्या हिवाळ्यात ही जागा पाहून लिहिलं, त्यातही पक्षी आहेत, मासळीनं भरलेली नदी आहे, कुंपण घातलेली शिकारीची उपवनं आहेत आणि भोवती धान्यानं भरलेली गावं. या उपवनांचं पुढं काय झालं ते येईलच.

इ.स.पू. ४१३-१२ च्या सुमारास राजाचा तगादा आला : किनाऱ्यावरच्या ग्रीक शहरांची थकलेली खंडणी भरा. अथेन्सच्या आरमारामुळे ती शहरं क्षत्रपांच्या हातात नव्हतीच, पण राजाला कारणं नको होती, चांदी हवी होती. दक्षिणेकडचा शेजारी क्षत्रप तिस्साफर्नीस यालाही तोच तगादा. दोघांनाही एकच उपाय सुचला, स्पार्टाला हाताशी धरून अथेन्सला हाकलायचं. आणि दोघांनीही एकमेकांना न विचारता स्वतंत्र वकील स्पार्टाला पाठवले! फार्नबाझसच्या वकिलांनी बरोबर २५ टॅलंट नेले होते, तरी स्पार्टानं आधी तिस्साफर्नीसची बाजू धरली. एका राजाचे दोन नोकर परक्या दारात एकमेकांवर बोली लावत होते. राजाला त्यात काही वावगं वाटलं नाही. क्षत्रप एकमेकांचे पाय ओढण्यात गुंतलेले असले की सम्राटाला निवांत झोप लागते, हे सुसाच्या राजदरबाराला चांगलं ठाऊक होतं.

तिस्साफर्नीस पक्का घोळात घेणारा. स्पार्टाच्या खलाशांचा पगार तो अडवून ठेवी, फिनिशियातून आरमार येतंय म्हणे आणि ते काही येत नसे. कंटाळून स्पार्टाचा सेनापती मिंडारस आपली जहाजं घेऊन उत्तरेला फार्नबाझसकडे आला. इथं मात्र वेगळा माणूस भेटला. अबायडॉसच्या किनाऱ्यावर लढाई उलटू लागली तेव्हा या क्षत्रपानं घोडा समुद्रात घातला आणि पाणी जिथवर झेपेल तिथवर आत जाऊन तो लढला. पुढच्या वर्षी, इ.स.पू. ४१० मध्ये, किझिकसला स्पार्टाचं सगळं आरमार गेलं, मिंडारस पडला. वाचलेले खलाशी किनाऱ्यावर उघडेबोडके उभे. फार्नबाझसनं प्रत्येकाला एकेक अंगरखा आणि दोन महिन्यांचा शिधा दिला, हत्यारं देऊन त्यांनाच किनाऱ्याच्या पहाऱ्यावर लावलं. लाकडासाठी कशाला रडता, माणसं वाचली आहेत ना, राजाच्या मुलखात लाकूड मुबलक आहे, अशा अर्थाचं तो बोलला. आणि नुसतं बोलला नाही. इडा पर्वतावरचं लाकूड तोडायला मुभा दिली, पैसे दिले आणि अँटँड्रॉसला जहाजबांधणी लावून दिली. त्याच्या सगळ्या चरित्रात मला हा प्रसंग सर्वांत आवडतो. तिस्साफर्नीस असता तर त्यानं आधी हिशेब मागितला असता.

पण त्याला संत करू नका. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स पडलं आणि तिथला तो देखणा, भरवशाचा नसलेला सेनानी अल्सिबायडीस फार्नबाझसच्याच आश्रयाला आला. क्षत्रपानं त्याला ठेवून घेतलं. मग स्पार्टाचा सेनापती लायसँडर याचा निरोप आला, हा माणूस जिवंत नको. फार्नबाझसनं काम भाऊ आणि चुलता यांच्यावर सोपवलं. फ्रिजियातल्या एका खेड्यात रात्री अल्सिबायडीसच्या घराला आग लावण्यात आली. तो तलवार घेऊन बाहेर आला, तर कोणी जवळ जाईना. लांबूनच बाण मारून त्याला पाडलं. प्लूटार्कनं ही हकिकत दिली आहे आणि त्यानंच, हा सूड एका मुलीच्या भावांनी घेतला अशी दुसरी वदंताही नोंदवली आहे. मला पहिली पटते. आश्रिताला मारणं हे पाप खरंच, पण स्पार्टा तेव्हा विजयाच्या भरात होतं आणि त्याची मर्जी मोडणं सुभ्याला परवडणारं नव्हतं.

या लायसँडरचं उट्टं त्यानं पुढं असं काढलं की वाचताना हसू आवरत नाही. लायसँडरच्या माणसांनी फार्नबाझसच्या मुलखात लूटमार केली. यानं स्पार्टाला तक्रार धाडली. लायसँडर घाबरला आणि याच्याकडेच आला, मी निर्दोष आहे असं पत्र लिहून दे म्हणाला. फार्नबाझसनं लगेच कागद घेतला, त्याच्या डोळ्यांदेखत हवं तसं लिहिलं, वाचूनही दाखवलं. शिक्का मारायच्या वेळी मात्र दिसायला हुबेहूब तसाच दुसरा कागद, आधीच लिहून ठेवलेला, पुढं सरकवला. लायसँडरनं तो मोहोरबंद कागद मोठ्या विश्वासानं स्वतःच्या हातांनी आपल्या वरिष्ठांपुढं ठेवला. आत तक्रारींचा पाढा होता.

तुम्ही विचारलेलं नाही, पण क्षत्रपाच्या हाताखाली कोण असे, हेही सांगायला हवं, कारण त्यात मानिया आहे. एओलिसचा भाग फार्नबाझसच्या वतीनं झेनिस नावाचा ग्रीक सांभाळत असे. तो वारला. क्षत्रप दुसरा माणूस नेमायच्या बेतात असताना झेनिसची विधवा मानिया भेटवस्तू आणि लवाजमा घेऊन त्याच्याकडे आली. नवरा वसूल वेळेवर भरत होता, मीही भरीन, कमी पडले तर काढून घेणं तुमच्याच हातात आहे, असा तिचा मुद्दा. बिनतोड होता. फार्नबाझसनं तिला नेमलं. तिनं खंडणीत खंड पडू दिला नाही, उलट भाडोत्री ग्रीक सैन्य लावून किनाऱ्यावरची आणखी शहरं जिंकून दिली. ती स्वतः रथात बसून लढाई पाही आणि शौर्य दाखवणाऱ्याला भरघोस बक्षीस देई. क्षत्रपाच्या मोहिमांत ती बरोबर असे आणि तो तिचा सल्लाही घेई.

चाळिशी ओलांडलेल्या या बाईला तिच्याच जावयानं, मिडियासनं, गळा दाबून मारलं. तिच्या सतरा वर्षांच्या मुलालाही सोडलं नाही. बाईच्या हाताखाली मुलूख असणं ही शरमेची गोष्ट आहे, असं लोकांनी त्याच्या मनात भरवलं होतं. मग त्यानं शहाजोगपणे फार्नबाझसकडे भेटी पाठवल्या, मला नेमा. उत्तर आलं, भेटी जपून ठेव, लवकरच येतो आणि त्या तुझ्यासकट घेऊन जातो. मानियाचा सूड घेतला नाही तर जगण्यात अर्थ नाही, असंही तो म्हणाला. पण सूड त्याच्या नशिबी नव्हता. इ.स.पू. ३९९ मध्ये स्पार्टाचा डर्सिलिडास फौज घेऊन उतरला आणि आठ दिवसांत नऊ शहरं गिळून बसला. त्यानं मिडियासलाच विचारलं, मानिया कोणाची होती? फार्नबाझसची, असं सगळे म्हणाले. मग तिचं ते फार्नबाझसचं आणि फार्नबाझस आमचा शत्रू, तेव्हा सगळं आमचं! तिच्या खजिन्यातून आठ हजार सैनिकांचा जवळजवळ वर्षाचा पगार निघाला.

स्पार्टा एकदम उलटलं कसं? कारण मित्राची गरज संपली होती. अथेन्स पडलं होतं, आता आशियातल्या ग्रीकांचे तारणहार व्हायची हौस आली होती. इ.स.पू. ३९६ मध्ये त्यांचा राजा अगेसिलाउस स्वतः आला. तिस्साफर्नीसनं त्याच्याशी तह केला, मोडला, मग अगेसिलाउसनं सार्डिसच्या आसपास त्याची धूळधाण केली. सुसाहून नवा सरदार आला, त्यानं तिस्साफर्नीसला स्नान करताना धरलं आणि डोकं उडवून राजाकडे पाठवलं. हरलेल्या क्षत्रपाची सेवानिवृत्ती ती अशी. नव्या सरदारानं अगेसिलाउसच्या हातावर ३० टॅलंट ठेवले आणि सुचवलं की, माझ्या सुभ्यातून निघ, फार्नबाझसच्या सुभ्यात जा. एका इराणी अधिकाऱ्यानं शत्रूला पैसे मोजून दुसऱ्या इराणी अधिकाऱ्याच्या घरावर घातलं!

आणि घरात भेद होताच. स्पिथ्रिडाटीस हा फार्नबाझसचा मातब्बर सरदार अगेसिलाउसला जाऊन मिळाला होता. त्याचं दुखणं खरं होतं. फार्नबाझसला राजाची मुलगी करून घ्यायची होती आणि स्पिथ्रिडाटीसची मुलगी लग्नाशिवायच ठेवायची होती. थोर माणसाचं असलं क्षुद्रपण कधी कधी फौजेला भोवतं. अगेसिलाउसनं त्या हिवाळ्यात दास्किलिऑनलाच तळ ठोकला. फार्नबाझस घरदार, खजिना, बायका गाड्यांवर घालून मुलूखभर भटकत राहिला, आज इथं, उद्या तिथं, मुक्काम कळू न देता. मधे एकदा पिकं लुटायला विखुरलेल्या सुमारे सातशे ग्रीकांवर तो पाती लावलेले दोन रथ आणि चारशे स्वार घेऊन तुटून पडला आणि शंभरेक माणसं कापून गेला. पण शेवटी त्याचा तळ सापडला आणि घराण्याची भांडीकुंडी, जनावरं, सगळं गेलं.

यानंतरची भेट मी जरा सावकाश सांगतो. एका ग्रीक मध्यस्थानं दोघांची गाठ घालून दिली. झेनोफन तेव्हा अगेसिलाउसच्याच फौजेत होता. अगेसिलाउस आणि त्याचे तीस स्पार्टन गवतात लोळत वाट पाहत होते. फार्नबाझस आला, किमती पोशाखात. नोकर त्याच्यासाठी गालिचे पसरू लागले. समोरचा राजा गवतावर बसलाय हे पाहून त्याला लाज वाटली आणि तो होता तसा, त्या पोशाखात, जमिनीवर बसला.

वयानं मोठा म्हणून बोलायला त्यानं सुरुवात केली. तुमचं अथेन्सशी युद्ध चाललं तेव्हा मी तुमचा मित्र होतो. तुमच्या आरमाराला पैसा दिला, तुमच्यासाठी घोडा समुद्रात घातला. तिस्साफर्नीससारखं दुटप्पी मी कधी बोललो नाही, कधी वागलो नाही. आणि आज माझ्याच मुलखात मला एक वेळचं जेवण मिळत नाही, जनावरांसारखं तुमचं उष्टं वेचावं लागतं. वडिलांनी ठेवलेले वाडे, झाडांनी आणि श्वापदांनी भरलेली उपवनं, जी माझा आनंद होती, ती तोडलेली नि जाळलेली पाहतोय. उपकार फेडायची ही रीत असेल तर मला समजावून सांगा.

तीसच्या तीस स्पार्टन माना खाली घालून गप्प राहिले. बऱ्याच वेळानं अगेसिलाउस बोलला. दोन राज्यांचं युद्ध लागलं की जुने मित्रही समोर उभे राहतात, असं म्हणत त्यानं आमिष टाकलं : राजाला सोड, आमच्याकडे ये, कोणाच्या पाया न पडता आपल्या मुलखाचा धनी हो. फार्नबाझसनं साधा प्रश्न केला, खरं सांगू का? आणि सांगितलं. राजानं दुसरा सेनापती पाठवून मला त्याच्या हाताखाली घातलं, तर मी तुमचा. पण सेनापतिपद मलाच दिलं, तर माझ्यात जेवढं बळ आहे तेवढ्यानिशी तुमच्याशी लढेन.

वाचकहो, यात निष्ठा किती आणि मानापमान किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण शत्रूच्या तळावर, घरदार गमावलेल्या अवस्थेत, खोटं आश्वासन देऊन वेळ मारून नेणं सोपं होतं. त्यानं ते केलं नाही. अगेसिलाउसनं त्याचा हात धरला, मुलूख सोडून जायचं कबूल केलं. फार्नबाझस घोड्यावर बसून निघाला. त्याचा तरणा मुलगा मागं रेंगाळला, धावत अगेसिलाउसकडे आला, आजपासून तुम्ही माझे पाहुणे-मित्र म्हणाला आणि हातातला सुंदर भाला देऊन टाकला. अगेसिलाउसनं शेजारच्या माणसाच्या घोड्याचे दागिने उतरवून त्याला दिले.

राजानं सेनापतिपद दिलेलंच होतं. डर्सिलिडासच्या स्वारीनंतर फार्नबाझस स्वतः राजाकडे गेला होता आणि त्यानं पटवून दिलं होतं की, स्पार्टाला जमिनीवर हरवणं कठीण, समुद्रावर हरवा. त्यासाठी त्यानं ५०० टॅलंट मंजूर करून आणले, सायप्रसच्या राजांना जहाजं बांधायला लावली आणि अथेन्सचा परागंदा सेनानी कोनॉन याला हाताशी घेतलं. ज्या अथेन्सचं आरमार बुडवायला त्यानं पूर्वी स्पार्टाला पैसे दिले, त्याच अथेन्सचा माणूस आता त्याचा उजवा हात! इ.स.पू. ३९४ च्या ऑगस्टमध्ये क्निडसजवळ स्पार्टाचं आरमार संपलं. तारीख इतकी नेमकी सांगता येते, कारण ग्रीसमध्ये परत चाललेल्या अगेसिलाउसला ही बातमी कळली तेव्हा सूर्यग्रहण लागलं होतं, १४ ऑगस्टचं.

पुढच्या वर्षी फार्नबाझस जातीनं ग्रीसला गेला. झर्क्सिसनंतर इराणी आरमार त्या पाण्यात प्रथमच शिरत होतं. त्यानं स्पार्टाचा किनारा जाळला, किथेरा बेट घेतलं, कॉरिंथच्या संयोगभूमीवर जमलेल्या स्पार्टाविरोधी ग्रीकांना पैसे वाटले आणि कोनॉनला जहाजं व पैसा देऊन सांगितलं, जा, अथेन्सचा तट बांध. दहा-अकरा वर्षांपूर्वी स्पार्टानं पाडलेला तट. आपली उपवनं जाळली गेली ते तो विसरला नव्हता, आणि स्पार्टाला सर्वांत जास्त झोंबेल अशी गोष्ट त्यानं बरोबर हेरली होती.

याबद्दल इनामही मिळालं. काही वर्षांनी बोलावणं आलं आणि राजा आर्टाझर्क्सिसनं आपली मुलगी अपामा त्याला दिली. सुभा आरिओबार्झानीस नावाच्या दुसऱ्या माणसाकडे गेला. राजाचा जावई होणं हा मोठा मान, पण मला त्यात राजाचा मुत्सद्दीपणाही दिसतो. घराण्याचा मुलूख, स्वतःचं आरमार आणि ग्रीसभर नाव, एवढं एका माणसाकडे साचू देणं राजांना मानवत नाही.

मग इजिप्त. हा देश बंड करून निसटला होता. एक स्वारी फसली. इ.स.पू. ३७३ मध्ये सत्तरी गाठलेल्या फार्नबाझसनं पुन्हा फौज उभी केली : इतिहासकार डायोडोरसच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर दोन लाख माणसं, वीस हजार भाडोत्री ग्रीक, ३०० युद्धनौका. दोन लाख मला काही पटत नाहीत, जहाजं एक वेळ पटतील. ग्रीकांचा सेनापती होता अथेन्सचा इफिक्रेटीस, चपळ आणि उतावळा. तयारीलाच वर्षं गेली. कंटाळून तो म्हणाला, तुम्ही बोलता तेव्हा चटपटीत असता, करायच्या वेळी इतके सुस्त का? फार्नबाझसचं उत्तर असं की, बोलण्याचा धनी मी आहे, करणीचा धनी राजा आहे.

हे उत्तर म्हणजे पळवाट नव्हती. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी सुसाला जासूद धावत होता आणि उत्तराची वाट पाहत फौज बसून होती. नाईलच्या एका मुखाशी ते शेवटी उतरले, किल्ला घेतला. कैद्यांकडून कळलं की मेंफिसला शिबंदीच नाही. इफिक्रेटीस म्हणाला, असेच निघू. फार्नबाझस म्हणाला, सगळी फौज येऊ दे. हा ग्रीक इजिप्त स्वतःच बळकावील, अशी त्याच्या मनात शंका. तेवढ्यात इजिप्शियनांनी मेंफिस बळकट केलं, नाईलला पूर आला आणि मोहीम बुडाली. इफिक्रेटीस रातोरात अथेन्सला पळाला. आपल्याला पकडून शिक्षा होईल, अशी त्याला भीती होती. फार्नबाझसनं अथेन्सला वकील पाठवून त्याच्यावर ठपका ठेवला, पण अथेन्सनं पुढं त्याला आपल्याच आरमाराचा सेनापती केलं. फार्नबाझसचं सेनापतिपद डाटामीस नावाच्या दुसऱ्या सरदाराकडे गेलं आणि आपल्या साधनांतून तो इथंच दिसेनासा होतो.

तिजोरीबद्दल विचारलंत. त्याची नाणी उपलब्ध आहेत. किझिकसच्या एका चांदीच्या नाण्यावर दाढीवाला, मऊ इराणी टोपी घातलेला चेहरा आहे, बाजूला ग्रीक अक्षरांत त्याचं नाव, उलट्या बाजूला जहाजाचा नाळेकडचा भाग आणि मासे. सिलिशियातल्या नाण्यांवर नाव अरामी लिपीत आहे. पण ही नाणी मोहिमेच्या पगारासाठी पाडलेली. चांदी राजाची, पाडण्याची मुभा राजाची, चेहरा तेवढा त्याचा (आणि तोही त्याचाच का, यावर नाणकशास्त्रज्ञ वाद घालतात).

आता वर्तमानपत्रांचं. प्रादेशिक पुढारी मतदारांच्या बळावर उभा असतो आणि पटलं नाही तर पक्ष काढतो, म्हणजे तो नहपानाच्या जवळचा. दिल्लीहून कागद आला की ज्याचे शरीररक्षक भाले टाकतात, तो खरा जुन्या अर्थानं क्षत्रप. कोणाला कुठला शब्द लावायचा, ते तुम्ही ठरवा.

जाता जाता पुढच्या पिढीचं. अपामापासून झालेला फार्नबाझसचा मुलगा आर्टाबाझस. त्यानं बापाच्या सुभ्यात राजाविरुद्ध बंड केलं, हरला आणि मुलाबाळांसह मॅसिडोनियात फिलिपच्या आश्रयाला जाऊन राहिला. त्या वेळी फिलिपचा मुलगा सिकंदर लहान होता. पुढं सिकंदरानं इराण जिंकलं तेव्हा याच आर्टाबाझसला त्यानं बाख्त्रियाचा क्षत्रप नेमलं आणि त्याची मुलगी बार्सिनी हिला सिकंदरापासून मुलगा झाला. मूळ वाचायची इच्छा असेल तर झेनोफनच्या 'हेलेनिका'ची इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात. पहिल्यापासून सुरुवात करू नका, कंटाळाल. तिसऱ्या भागाच्या आरंभी मानिया आहे आणि चौथ्याच्या आरंभी गवतावरची भेट, तेवढं आधी वाचा.